फोन मी उचललाच नव्हता

उचगाव, कोल्हापूर
बुधवार, १९ नोव्हेंबर २००८

तीर्थरूप गौराक्का हिच्या चरणी,

पंचाक्षरीचा शरणु शरणार्थी. आधी 'तीर्थस्वरूप' लिहिलं होतं, ते खोडलंय, तुला दिसेलच. शाळेत शिकवलं होतं की तीर्थरूप फक्त आईवडिलांना लिहायचं. पण आईच्या मागं माझ्या डोक्याला तेल कुणी घातलं, आणि अप्पांच्या हातातली छडी मध्येच कुणी धरली, हे त्या मास्तरांना कुठं माहीत होतं? म्हणून खोडलं. खाडाखोडीचा राग मानू नकोस. (रागाचा विषय पुढं येणारच आहे, तेवढा राग तिथं लागेल.) तुझा गुडघा कसा आहे? निरगुडीचा पाला शेकायला घेतेस का, की तो परसात नुसता बघायला लावलाय? डोळ्याचं ऑपरेशन संक्रांतीनंतर करायचं ठरलंय, ते पुढं ढकलू नकोस. तुझ्या किराणा दुकानाच्या पायरीला मांजर आडवं पडतं, अंधुक डोळ्यांनी त्याच्यावर पाय देशील आणि ते तुझ्यापेक्षा तापट आहे. इकडं तुझी भावजय खुशाल आहे. मीही खुशाल आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो.

मुद्द्याचं आधी लिहून टाकतो. गेल्या गुरुवारपासून सकाळी सातला तुझी रिंग आलेली नाही. आज सातवी सकाळ. तीन वर्षं झाली आपल्या या रिवाजाला. तुझी पूजा आटोपली की तू गारगोटीहून एक रिंग देऊन फोन ठेवायचास, म्हणजे 'उठले, बरी आहे'. मग मी इकडून दोन रिंगा द्यायच्या, म्हणजे 'मीही बरा, चहा झाला'. उचलायचा कुणीच नाही. तीन वर्षांत तुझा एक खाडा नाही. (त्या पावसाळ्यात तुमची लाइन गेली तेव्हा तू छत्री घेऊन पोस्टात गेलीस आणि तिथून रिंग दिलीस. पोस्टमास्तर म्हणाले होते, आजी, बोला की. तू म्हणालीस, बोलून झालं.) गुरुवारी मला वाटलं लाइन गेली. शुक्रवारी तुझ्या शेजारच्या बाळासोला त्याच्या सायकलच्या दुकानात फोन केला. तो म्हणाला, "गौराक्का व्हय? ठणठणीत हायत की! आत्ताच मेथीच्या पेंडीवरनं भाजीवालीला रडवून गेल्या." म्हणजे तू बरी आहेस, लाइन चालू आहे, आणि रिंग येत नाही. याचा अर्थ मला लावता येतो. रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकचं कुठलं बेअरिंग बोलतंय ते मी खुर्चीत बसून सांगतो, आणि तुझं न बोलणं तर मला त्याच्याही आधी ऐकू येतं.

तर या सगळ्याला कारण माझा मोबाइल. म्हणजे मोबाइलचं नवं सॉफ्टवेअर. म्हणजे ते मारणारा कृष्णात. (नक्की कारण कोण, हे पत्र संपेपर्यंत ठरेल असा माझा अंदाज आहे.) पहिल्यापासून सांगतो.

माझा तो काळा फोन तू बघितला आहेस. आमच्या वर्कशॉपात चार वेळा लेथखाली पडला, एकदा पाण्याच्या बादलीत गेला, तरी चालतच होता. अलीकडे मात्र मेसेज उघडायला इतका वेळ लावायचा की तोवर पाठवणारा माणूसच समोर येऊन उभा राहायचा. आमच्या गल्लीच्या तोंडाला कृष्णातचं मोबाइलचं दुकान आहे. चाळिशीचा बाप्या, आधी रेडिओ दुरुस्त करायचा, हात चांगला. परवाच्या सोमवारी नव्हे, त्याच्या आदल्या सोमवारी मी फोन त्याच्यापुढं ठेवला. त्यानं तो डॉक्टरसारखा उलटा-सुलटा केला आणि म्हणाला, "काका, सॉफ्टवेअर म्हातारं झालंय. नवीन मारून देतो. कंपनीनं आत्ताच काढलंय." मी विचारलं, मारल्यावर काय होतं? "नव्यागत पळतंय की!" मी विचारलं, आणि आतलं सगळं? "आतलं कशाला हलतंय?" अक्का, चाळीस वर्षं मी धंदा केला. 'कशाला हलतंय' म्हणणाऱ्या माणसाकडून मी कधी नटबोल्ट घेतला नाही. पण मोबाइलपुढं आपली सगळ्यांचीच अक्कल गहाण पडलेली असते. मी हो म्हटलं.

सॉफ्टवेअर मारणं म्हणजे काय, तर फोनचं जुनं डोकं पुसायचं आणि नवं भरायचं. वायरीनं फोन कॉम्प्युटरला जोडतात आणि पडद्यावर एक निळी पट्टी सरकत जाते. ती भरेपर्यंत कृष्णात स्वतः बोलत नाही आणि दुकानातल्या कुणाला बोलू देत नाही, जणू आत कुणाचं पोट फाडलंय. पट्टी भरली, फोन चालू झाला, आणि फोननं मला ओळखलंच नाही. अक्षरं उजवीकडून डावीकडं पळत होती. ती कुठल्या देशाची म्हणून विचारलं तर कृष्णात म्हणाला, तिकडचीच असतील. अर्ध्या तासानं ती सरळ झाली, तर तीनशे बारा नावं गायब. तारीख २००४ सालची. तारीख आणि घड्याळ मी स्वतः लावलं (यात एक घोटाळा झाला, तो पुढं येईल). मी आवाज चढवला तेव्हा कृष्णात शांतपणे म्हणाला, "काका, नव्या सुनेला दोन दिवस लागत्यात की रुळायला."

नावं गेल्याची मला तशी फिकीर नव्हती. समोरचा 'हॅलो' म्हणायच्या आधी जो श्वास घेतो त्यावरनं मी माणूस ओळखतो, हे तुला माहीत आहे. पण सूनबाईंनी माझे कानच काढून घेतले. मंगळवारपासून फोन एकदाच वाजायचा आणि गप्प व्हायचा. कानाला लावला तर आत सामसूम. मी म्हटलं, कमाल आहे, सगळं कोल्हापूर मला मिस्ड कॉल द्यायला लागलं! वर एक बारीक चित्र आलं होतं, कानाला लावायच्या वायरीचं. मला वाटलं नव्या सॉफ्टवेअरची शोभा असेल. कुणाला फोन करायचा तर ऑफिसच्या जुन्या फोनवरून करायचो, आणि दोन दिवस रुळायला लागतात म्हणून गप्प बसायचो.

गुरुवारी आमचे निपाणीचे व्याही आले. त्यांचा नवस होता म्हणून त्यांच्याबरोबर नृसिंहवाडीला गेलो. दर्शनाची रांग, सगळं शांत, पुढं नदीचं पाणी, आणि साडेपाचला माझ्या खिशात कोंबडा आरवला. (हाच तो घोटाळा. घड्याळ लावताना सकाळची संध्याकाळ झाली होती, आणि पहाटेचा गजर म्हणून नव्या सॉफ्टवेअरनं आपला आपण कोंबडा बसवला होता. आधीचे दोन दिवस तो लेथच्या आवाजात बुडाला असणार.) साधासुधा नाही, गावठी, छातीचा. मी खिसा दाबला तसा तो आणखी जोरात. पुढचे गृहस्थ वळून म्हणाले, "पावणं, हितं कोंबडं घेऊन आलाय व्हय?" अक्का, आपल्या घरात सात पिढ्या कुणी अंड्याला हात लावला नाही, आणि मी दत्ताच्या दारात झडती देत उभा! व्याही मात्र हसले नाहीत. दिवसभर ते गारच होते. परतताना गाडीत म्हणाले, "पंचाक्षरीअण्णा, आम्ही दिलेली शाल तुम्ही तिसऱ्याला देणार म्हणे. द्या की. फिरून आमच्याकडंच आली तर आम्ही ओळखू." मी म्हटलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? ते म्हणाले, "तुम्हीच की. मंगळवारी फोन लावला, तुम्ही उचलला, आणि आमच्याशी एक शब्द न बोलता वैनींशी शालीवर दहा मिनिटं चर्चा केलीत."

मी फोन उचललाच नव्हता.

शुक्रवारी कृष्णातचं दुकान बंद होतं, म्हणून शनिवारी ते उघडायच्या आधीच मी त्याच्या दारात. त्यानं ते वायरीचं चित्र बघितलं आणि कपाळावर हात मारला. फोनला वाटत होतं की कानाची वायर लावलेली आहे. वायर लावलेली असली की हा फोन एका रिंगेत आपला आपण उचलला जातो, आणि समोरच्याचा आवाज फोनमध्ये न येता वायरीत जातो. आणि वायर तर नाहीच. म्हणजे पाच दिवस मला कुणाचं काही ऐकू येत नव्हतं, आणि फोन लावणाऱ्या प्रत्येकाला माझं सगळं ऐकू जात होतं. सगळ्या उचगावात ज्याच्या कानाची ख्याती, त्याची ही गत. कृष्णातनं उचललेल्या फोनांची यादी काढून दाखवली. व्याही, दहा मिनिटं. भंगारवाला, चार. बँकेचे साहेब, सहा. (त्यांना काय ऐकू गेलं असेल, ते मी विचारायला जाणार नाही.) मी वाचत खाली आलो आणि थांबलो. पुढं नाव नव्हतं, नावं गेलेलीच होती, पण तो नंबर मला नावावाचून कळतो. बुधवार, सात वाजता. अकरा मिनिटं चाळीस सेकंद.

बुधवारी सकाळी सातला इथं काय चाललं होतं, ते तू ऐकलंस. तरी माझ्या हातानं लिहितो. आमच्या कारखानदार मंडळाला पंचवीस वर्षं होताहेत, त्याची स्मरणिका निघणार आहे. जुन्या सभासदांचा परिचय छापायचा म्हणून मंडळाचे दोघं वही घेऊन पहिल्या पाळीच्या आधीच आले, कारण लेथ सुरू झाल्यावर काही ऐकू येत नाही. फोन टेबलावर पडलेला. एक रिंग वाजली आणि थांबली. मी मनात म्हटलं, अक्का उठली, बरी आहे. आणि बोलत राहिलो. त्यांनी विचारलं, सुरुवातीला आधार कुणाचा? मी म्हटलं, "सोळाव्या वर्षी कोल्हापुरात आलो तवा अंगावर एक सदरा हुता. कुणी भाकरीचा तुकडा इचारला न्हाय. कुणाचा आधार न्हाय. हाय ते ह्या दोन हातांचं."

हे वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा बोललो असतो, तर घसरलो असं म्हणता आलं असतं. पण ते माझं ठेवणीतलं वाक्य आहे. तू सभा-समारंभाला येत नाहीस, म्हणून तुझ्या कानावर कधी पडलं नाही. पहिल्या सत्काराला मी डब्याचं सांगितलं होतं, शपथेवर सांगतो. गारगोटीहून सकाळची पहिली एसटी, तू फडक्यात बांधून कंडक्टरपाशी दिलेला अॅल्युमिनियमचा डबा, दुपारी मी फाउंड्रीतून चालत स्टँडवर जाऊन तो घ्यायचा आणि कालचा रिकामा परतीच्या गाडीत ठेवायचा, सगळं सांगितलं होतं. डब्यावर तू लाल रंगानं 'पंचा' लिहिलं होतंस, क्षरी मावलं नव्हतं, हेसुद्धा. लोकांनी ऐकून घेतलं, माना हलवल्या. कोल्हापुरात निम्म्या पोरांचे डबे तसेच यायचे, त्यात त्यांना काय नवल? पुढच्या सत्काराला वेळ कमी होता म्हणून डबा गाळला, तर टाळ्या पडल्या. तिसऱ्या वेळी वेळ भरपूर होता, तरी गाळला. लेथवर असंच होतं अक्का. एकेक पदर काढत गेलं की वस्तू चकचकीत दिसायला लागते. किती काढलं, ते मोजायचं भान तेवढं सुटतं.

तुझा डबा येत होता त्या सहा वर्षांत मला कुणी भाकरीचा तुकडा विचारला नाही, हे खरंच आहे. कुणाला विचारायची वेळच आली नाही.

शनिवारपासून माझ्या डोक्यात एकच बसलंय. ते वाक्य मी पहिल्या दोन मिनिटांतच बोललो असणार. मग पुढची नऊ-दहा मिनिटं तू फोन धरून का उभी राहिलीस? पुढं कुठं तरी तुझं नाव येईल म्हणून? आलं नाही. मी पंपाच्या सुट्या भागांबद्दल बोललो, निर्यातीबद्दल बोललो, एका जर्मन मशीनबद्दल तर तीन मिनिटं बोललो असेन. आणि पाहुणे गेल्यावर, रिवाज म्हणून, ऑफिसच्या फोनवरून तुला दोन रिंगा दिल्या. मीही बरा, चहा झाला.

कारण कोण, ते आता ठरलं. कृष्णातला मी उगाच मध्ये घेतलं.

तुला राग यायचा तो येऊ दे. तुझ्या रागाला मी कधी भ्यालो नाही, कारण तो यायचा आणि धपाटा घालून जायचा. हा जो आलाय तो बोलत नाही, याची मला सवय नाही. गुडघ्याला जप. मांजराला जप. बाळासो विचारायला आला तर त्याच्यावर ओरडू नकोस, त्याला मीच पाठवलाय.

तुझा धाकटा,
पंचाक्षरी

ता. क. फोनचं राहिलं. त्यात सॉफ्टवेअरचाही दोष नव्हता. कानाची वायर घालायच्या भोकात माझ्याच वर्कशॉपातला लोखंडाचा कीस जाऊन बसला होता. कृष्णातनं दात घासायच्या जुन्या ब्रशनं तो काढला, दोन मिनिटांत. म्हणजे शनिवारी सकाळी साडेनऊलाच फोन ठणठणीत झाला होता. तुझा नंबर मला पाठ आहे. लावला असता तर लागला असता. गेले चार दिवस सात वाजता फोन हातात घेऊन बसतो आणि खाली ठेवतो. तू 'कोण?' म्हणालीस तर काय बोलायचं ते सुचत नाही. पत्राचं बरं असतं, मध्येच ठेवून देता येत नाही. (फाडता येतं. पण तू कागद फाडणारी नव्हेस, मागच्या कोऱ्या बाजूची पुडी बांधशील.)

ता. क. आणखी एक. खरं म्हणजे हेच एक. मी मंडळाला माझा मजकूर छापू नका म्हणून कळवलंय. नवा लिहायला बसलो आणि दुसऱ्या ओळीला अडलो. गाडी साडेसहाला सुटायची, मग भाकरी थापायला तू किती वाजता उठत होतीस? चूल आणि दुकान, दोन्ही तुझ्याकडंच होतं. तो कंडक्टर कोण होता? त्याला तू काही देत होतीस का? एका पावसात रस्ता तीन दिवस बंद होता, तरी दुसऱ्या दिवशी डबा आला होता, तो कसा आला? सोमवारी तुझा उपास असायचा, तरी डब्यात ताजं असायचं. सहा वर्षं बसून जेवलो आणि यातलं एक विचारलं नाही. स्मरणिका रविवारनंतर छापायला जाते. म्हणून रविवारी पहिल्या गाडीनं वही घेऊन येतोय. तू सांग, मी लिहून घेतो. माझं असं काही त्यात घालणार नाही. दार उघडायचं की नाही, ही तुझी मर्जी. मी पायरीवर बसेन.

वन्सं, पाया पडते. पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं म्हणून खाली जागा बघून चार ओळी. ह्येंनी ह्ये पत्र तीनदा लिहून फाडलं, ह्ये चौथं. वाचून दाखवताना भाकरीपाशी आवाज बसला, आणि मला म्हणत्यात खोकला झालाय. रविवारी आलं की दार लगीच उघडू नका. पायरीवर जरा बसू द्या. खरं, ऊन चढायच्या आत उघडा, बीपीची गोळी चालू हाय आणि टोपी घाला म्हटलं तर ऐकत न्हाईत. मी बी संगट येतीया, ह्येंला अजून सांगितलं न्हाय. मला मागल्या दारानं आत घ्या. आपण दोघी चहा पिऊस्तवर बसतील ते.

तुमची,
निलव्वा